टर्बोचार्जरयुक्त मोटार इंजिनातील तेलगळती : कारणमीमांसा, शोधपद्धती व उपाय (विशेष संदर्भ : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर)

सारांश : टर्बोचार्जर असलेल्या इंजिनातून तेल गळू लागले की बहुधा टर्बोचार्जरलाच दोष दिला जातो व तो बदलण्याचा सल्ला मिळतो. वस्तुतः गळती हे लक्षण असून तिचे मूळ पुष्कळदा अन्यत्र असते. गळतीचे स्थान व गळतीचे कारण यांत भेद कसा करावा, तपासणीचा क्रम कोणता असावा आणि दुरुस्ती टिकाऊ कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : टर्बोचार्जर, वंगण, क्रँककेस, ब्रीदर, गॅस्केट, तेलगळती.

१. प्रस्तावना

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या ऊर्जेवर एक चक्र फिरवून त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात अधिक हवा दाबून भरावयाची, ही टर्बोचार्जरची कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. प्रवासी मोटारींत हे यंत्र १९६२ मध्ये अमेरिकेत आले. पुण्यात तयार होणारी टाटा इंडिका १९९८ च्या अखेरीस सादर झाली, तेव्हा तिचे डिझेल इंजिन टर्बोविरहित होते. पुढील दशकात १.३ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनांनी मध्यमवर्गीयांच्या मोटारींत स्थान मिळविले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही अशी इंजिने तयार झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर लहान डिझेल मोटारी कमी झाल्या. तथापि त्यांची जागा अनेक ठिकाणी लहान टर्बो पेट्रोल इंजिनांनी घेतली. त्यामुळे एकेकाळी मालमोटारींपुरता वाटणारा हा विषय आज महाविद्यालयाच्या वाहनतळावरील कित्येक मोटारींशी निगडित झाला आहे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील अनेक प्राध्यापक मुंब्रा बाह्यवळण, शिळफाटा आणि कल्याण-शीळ मार्गाने नित्य ये-जा करतात. वाहनतळाच्या फरशीवर पडलेला काळा डाग पाहून काय करावे, याचा निर्णय त्यांना बहुधा मेकॅनिकच्या एका वाक्यावर घ्यावा लागतो. त्या वाक्याची किंमत काही रुपयांचे वॉशर किंवा हजारो रुपयांचा टर्बो यांपैकी काहीही असू शकते. म्हणूनच निदानाची तर्कशुद्ध पद्धत समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. उद्दिष्टे

१) टर्बोचार्जरमधील वंगणाची व्यवस्था स्पष्ट करणे.
२) तेलगळतीच्या शोधाचा क्रम मांडणे.
३) दुरुस्तीतील नेहमीच्या चुका दाखवून देणे.
४) स्थानिक परिस्थिती व पर्यावरण यांच्याशी विषयाची सांगड घालणे.

३. टर्बोचार्जरमधील वंगणव्यवस्था

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. इतक्या वेगात तो धातूवर टेकून फिरू शकत नाही; तेलाच्या पातळ थरावर तरंगतच तो फिरतो. हे तेल इंजिनाच्या पंपाकडून बारीक नळीवाटे दाबाने येते. परतीचा मार्ग मात्र केवळ गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. टर्बोमधून निघालेले तेल जाड नळीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत उतरते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. टर्बोच्या दांड्यावर पाण्याच्या पंपासारखे रबरी सील सामान्यतः नसते. तेथे पिस्टन-रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. दोन्ही टोकांकडील वायूचा दाब मधल्या पोकळीपेक्षा अधिक राहतो व तेल परतीच्या नळीतून विनासायास उतरत राहते, तोवरच त्या तेलाला थोपवू शकतात. परतीची वाट अडली, अथवा क्रँककेसमधील दाब वाढला, की तेल मधल्या पोकळीत साचते आणि कड्यांना ओलांडून हवेच्या किंवा धुराच्या मार्गात शिरते. अशा वेळी टर्बो निर्दोष असूनही तो गळत असल्याचे भासते.

क्रँककेसमधील दाब वाढण्याचे कारणही समजून घ्यावयास हवे. ज्वलनातील काही वायू पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फटीतून खाली झिरपतात. टर्बो इंजिनात सिलिंडरमधील दाब अधिक असल्याने या झिरपण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. हे वायू ब्रीदरच्या नळीतून, तेलाचे कण वेगळे करून, टर्बोच्या पुढील शोषणनळीत सोडले जातात. या वाटेत चिकट मळ साचला की दाब कोंडतो आणि जेथे सांधा दुबळा असेल तेथून तेल बाहेर ढकलतो. एका ठिकाणच्या अडथळ्याची लक्षणे अशा रीतीने अनेक ठिकाणी उमटतात.

४. गळतीच्या शोधाचा क्रम

४.१ द्रवाची ओळख : आपल्याकडील दमट हवेत वातानुकूलन यंत्रातून स्वच्छ पाणी ठिबकते, तो दोष नव्हे. शीतक द्रव रंगीत व पाण्यासारखा असतो, तर इंजिनाचे तेल तपकिरी अथवा काळे व बुळबुळीत असते. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवल्यास सकाळी थेंबांचा रंग व जागा दोन्ही कळतात.

४.२ मोजमाप : सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिकने पातळी पाहावी व किलोमीटरच्या आकड्यासह वहीत नोंदवावी. पातळी घटते पण खाली डाग नाही, असे असल्यास तेल जळत असण्याची शक्यता तपासावी.

४.३ स्वच्छता : तेलाने माखलेल्या इंजिनावर गळतीचे स्थान सांगणे हा निव्वळ तर्क होय. थंड इंजिन योग्य द्रावकाने पुसून कोरडे करावे. विजेच्या जोडांवर दाबाने पाणी मारू नये.

४.४ उगमाचा शोध : तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून थेंब जेथे पडतो ते स्थान गौण. सर्वांत वरचा व पुढचा ओला बिंदू महत्त्वाचा. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, तेल-फिल्टरचा पाया, तेलदाबाचा स्विच, टर्बोला तेल पुरविणाऱ्या नळीचे वॉशर, परतीच्या नळीचे गॅस्केट, क्रँकचे पुढील व मागील सील आणि तळाचे चेंबर, असे वरून खाली पाहत यावे. उगम दिसेनासा असेल तर तेलात मिसळावयाचे चमकणारे रंगद्रव्य टाकून गाडी काही अंतर चालवावी व अतिनील दिव्याखाली पाहावे.

४.५ दाबाची परीक्षा : इंजिन मंद गतीने चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून त्या तोंडावर रबरी हातमोजा घट्ट बसवावा. ब्रीदर ठीक असल्यास अनेक इंजिनांत मोजा किंचित आत ओढला जातो वा शिथिल राहतो. काही डिझेल इंजिनांत थोडी थरथर जाणवते. मोजा ताठ फुगल्यास दाब कोंडला आहे असे समजावे. नंतर ब्रीदरची नळी सोडवून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आता मोजा शिथिल झाला तर अडथळा सोडविलेल्या भागाच्या पुढे आहे. तरीही वायू जोराने येतच राहिला तर ब्रीदरच्या उर्वरित भागाबरोबरच पिस्टन-रिंगांची झीज तपासावी लागते.

४.६ टर्बोची परीक्षा : ही सर्वांत शेवटी घ्यावी. हवेच्या नळ्यांत तेलाचा पातळ लेप असणे स्वाभाविक आहे, कारण ब्रीदरची वाफ तेथूनच जाते. टर्बोच्या आधीची नळीही तेलकट असेल तर ते तेल ब्रीदरकडून आले आहे. आधीची नळी कोरडी व नंतरची ओथंबलेली असेल तर टर्बोवर संशय घ्यावा. परंतु तत्पूर्वी परतीची नळी, क्रँककेसचा दाब आणि हवेचा फिल्टर तपासावा. तुंबलेल्या फिल्टरमुळे शोषण वाढून तेल ओढले जाऊ शकते. घोडबंदर मार्गासारख्या, वर्षानुवर्षे बांधकामाची धूळ खाणाऱ्या रस्त्यांवर ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. इंजिन बंद व थंड असताना दांडा हलवून पाहावा. आडवा सूक्ष्म ढिलेपणा तेलाच्या थरासाठी ठेवलेला असतो. मात्र मागेपुढे स्पष्ट हालचाल जाणवणे, किंवा चक्राची पाती आवरणाला घासणे, हा निश्चित दोष होय.

५. एक उदाहरण

प्रस्तुत लेखकाच्या डिझेल मोटारीच्या बाबतीत एका गॅरेजने टॅपेट कव्हरचे गॅस्केट बदलले. महिन्याभरात ते पुन्हा ओले झाले, टर्बोनंतरच्या नळीचा सांधाही पाझरू लागला आणि टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला. टर्बोच्या आधीची नळी जवळजवळ कोरडी असल्याने तो सल्ला सकृद्दर्शनी पटण्यासारखाही होता. परंतु हातमोजा ताठ फुगला. ब्रीदरची नळी सोडवताच तो सैल पडला. नळीच्या दुसऱ्या टोकाशी तपकिरी लोण्यासारखा मळ साचून वाट जवळपास बंद झाली होती. शोषणनळी कोरडी होती ती याच कारणाने; वाफ तेथवर पोहोचतच नव्हती. ब्रीदरचा मार्ग स्वच्छ करून ती नळी व गॅस्केट नवे बसविल्यावर गळती थांबली आणि जुना टर्बो कायम राहिला. पहिली दुरुस्ती चुकीच्या जागी झाली नव्हती. ती अपुऱ्या जागी झाली होती. स्थान सापडले होते, कारण सापडले नव्हते.

असा मळ साचण्यास लहान फेऱ्या हातभार लावतात. डोंबिवली ते कल्याण एवढ्या अंतरात, विशेषतः पावसाळ्यात, तेल पुरेसे तापत नाही व त्यातील पाण्याची वाफ उडून न जाता तेलाशी घुसळली जाते.

६. दुरुस्तीतील दक्षता

१) तेलनळीच्या बोल्टखालील तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत.
२) टर्बोच्या सांध्यांवर गॅस्केटऐवजी सिलिकॉनचा लेप लावू नये, त्याचे तुकडे तेलाची बारीक वाट बंद करतात.
३) बोल्ट निर्मात्याने दिलेल्या मापाने, टॉर्क पान्ह्यानेच आवळावेत. अति आवळणे हेही गळतीचे कारण आहे.
४) टर्बो बदलावाच लागला तर तेल पुरविणारी व परतीची नळी तपासावी, तेल व फिल्टर बदलावा आणि चालू करण्यापूर्वी टर्बोत तेल भरावे. अन्यथा नवा टर्बोही पहिल्या काही क्षणांत कोरडा फिरतो.
५) कसारा वा माळशेज घाट चढून वर थांबताच इंजिन लगेच बंद करू नये. मिनिटभर मंद गतीने चालू ठेवल्यास टर्बो निवतो आणि अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन गोष्टी गंभीर आहेत. तापलेल्या टर्बोच्या धूर-बाजूवर तेल पडल्यास आग लागू शकते; तेव्हा जळका वास व बॉनेटखालून धूर आल्यास गाडी तत्काळ थांबवावी. दुसरे म्हणजे, डिझेल इंजिनात टर्बोवाटे पुष्कळ तेल शिरल्यास इंजिन त्याच तेलावर अनावर वेगाने धावते व किल्ली फिरवूनही थांबत नाही. अशा वेळी हस्तचलित गिअरच्या मोटारीत ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडणे हा इंजिन बंद पाडण्याचा मार्ग असतो.

७. पर्यावरणीय बाजू

रस्त्यावर ठिबकलेले तेल पहिल्या पावसात निसरडे होते आणि पुढे नाल्यांवाटे खाडीत जाते. उल्हास नदी हा या परिसराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख स्रोत आहे. तिला मिळणाऱ्या वालधुनीची अवस्था सर्वश्रुत आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात न ओतता अधिकृत संकलकाकडेच गेले पाहिजे, एवढा आग्रह ग्राहक म्हणून आपण धरू शकतो.

८. निष्कर्ष

१) टर्बोजवळ दिसणारे तेल हा टर्बोच्या दोषाचा पुरावा नव्हे.
२) स्वच्छता, उगमाचा शोध, दाबाची परीक्षा आणि शेवटी टर्बो हा क्रम पाळल्यास अनावश्यक खर्च टळतो.
३) कारण दूर न करता केलेली दुरुस्ती तात्पुरतीच ठरते.
४) पातळीची नियमित नोंद हा सर्वांत स्वस्त व विश्वसनीय उपाय आहे.

विज्ञानाच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना निरीक्षणापूर्वी अनुमान काढू नये असे शिकवितो. वाहनतळावरील काळ्या डागापाशीही तोच नियम लागू पडतो. मेकॅनिकवर अविश्वास दाखविण्याची येथे गरज नाही. ‘टर्बो बदलण्यापूर्वी क्रँककेसचा दाब पाहिला का?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची आहे.