वार्धक्यातील शुश्रूषा आणि तिची तरतूद

२०११ च्या जनगणनेत साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या भारतीयांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. यांपैकी पुष्कळजण आपली कामे आपणच करतात. तथापि पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा खुब्याच्या हाडाचा भंग यांमुळे काहींना स्नान, भोजन आणि चालणे यांसाठीही दुसऱ्याचा आधार लागतो. यालाच शुश्रूषा म्हणतात.

औषधोपचार आणि शुश्रूषा या भिन्न गोष्टी होत. रुग्णालयातील उपचार बहुधा काही दिवसांत संपतो. शुश्रूषा वर्षानुवर्षे चालू राहू शकते. २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांच्या व त्यांहून वयस्क अशा सर्व नागरिकांचा समावेश झाला असून, प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. घरी ठेवलेल्या मदतनिसाचे वेतन मात्र तीत येत नाही. हा भार कुटुंबावर, आणि बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. तिने सोडलेल्या नोकरीचे वेतन हाही शुश्रूषेचाच खर्च होय. तो जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही, इतकेच.

तरतूद किती करावी? समजा, आज शुश्रूषेस दरमहा १५,००० रुपये लागतात आणि भाव दरवर्षी शेकडा ६ ने वाढतात. ७२ या संख्येस वाढीच्या दराने भागले असता रक्कम दुप्पट होण्याचा काळ स्थूलमानाने मिळतो. येथे तो १२ वर्षे येतो. म्हणजे हाच खर्च १२ वर्षांनी ३०,००० आणि २४ वर्षांनी ६०,००० रुपये होईल. बचतीवरील व्याज भाववाढीहून कमी असेल, तर रक्कम वाढूनही तिची क्रयशक्ती घटेल.

दुसरी अडचण अनिश्चिततेची. उदाहरणादाखल असे धरू, की दहा वृद्धांपैकी तिघांस पाच वर्षे शुश्रूषा लागेल. ते तिघे कोण, हे आधी कळत नाही. आजच्या भावाने प्रत्येकाचा खर्च ९ लाख, तिघांचा मिळून २७ लाख. एकट्याने तरतूद करावयाची, तर प्रत्येकास ९ लाख साठवावे लागतील. दहाजणांनी मिळून केल्यास २ लाख ७० हजार पुरतील. विम्याचे तत्त्व हेच.

जर्मनीने १९९५ साली व जपानने २००० साली या तत्त्वावर शुश्रूषा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिसाव्या वर्षापासून प्रत्येकास वर्गणी द्यावी लागते. लाभार्थी खर्चाचा काही अंश स्वतः सोसतो; उरलेल्या खर्चाचा निम्मा भाग वर्गणीतून आणि निम्मा सरकारी निधीतून भागतो.

भारतात अशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने वडीलधारी माणसे धडधाकट असतानाच त्यांच्याशी विचारविनिमय करावा. त्यांची इच्छा काय, सेवा कोण करील, पैसा कोठून येईल आणि बँकेतील खाते अडचणीच्या वेळी कोण चालवील, हे लिहून ठेवावे. स्मृती क्षीण झाल्यावर हे प्रश्न विचारता येतात. परंतु त्यांची उत्तरे मिळतीलच असे नाही.