बंदीच्या पत्राचे वाचक

आमच्या ज्या वाचकांचें मूळ घर किंवा आजोळ नांदेड-लातूरकडचें आहे, त्यांनीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून मुक्तिसंग्रामाच्या हकीकती ऐकल्या असतील. त्या हकीकतींत रझाकार असतात, बंदुका असतात, आणि १९४८ च्या सप्टेंबरांतील पोलीस कारवाई असते. परंतु त्या पांच दिवसांच्या कारवाईपूर्वीं निदान दहा वर्षें जी झुंज चालली, ती बव्हंशीं दोन साध्या गोष्टींसाठीं होती : चार माणसांनीं एकत्र बसून बोलणें आणि छापलेला मजकूर वाचणें.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ सालीं गादीवर आले. नांदेड हा त्यांच्या राज्यांतील जिल्हा, व लातूर हें उस्मानाबाद जिल्ह्यांतील पेठेचें गांव. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ सालीं. दरबारची व कचेरीची भाषा उर्दू. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वयें जाहीर सभेस सरकारची परवानगी घ्यावी लागे.

मग लोक जमले ते शाळांतून. हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. तेथें शिकविणाऱ्या व्यंकटेश खेडगीकरांनीं १९३० सालीं संन्यास घेतला, आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवीं वस्त्रें घेऊन हे गृहस्थ हिमालयांत गेले नाहींत, पोरांना शिकवीत राहिले, हें आम्हांस विशेष वाटतें. महाराष्ट्र परिषदेचीं अधिवेशनें १९३७ सालीं परतूरला, १९३८ मध्यें लातुरास आणि १९४१ मध्यें नांदेड जिल्ह्यांतील उमरीस भरलीं. स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेपूर्वींच, १९३८ च्या सप्टेंबरांत, बंदी आली. मूल जन्मास येण्याआधींच त्याला हद्दपारीचा हुकूम! सरकारचा आक्षेप नांवावर होता म्हणून पुढें नांव बदलून पाहिलें. तेंही सरकारास रुचलें नाहीं. बंदी उठावयास १९४६ साल उजाडलें.

पण सभा बंद करणें सोपें, वाचन बंद करणें कठीण. आ. कृ. वाघमारे यांनीं हें नेमकें ओळखलें. त्यांनीं १९३८ सालीं ‘मराठवाडा’ हें साप्ताहिक काढलें तें पुण्याहून, म्हणजे निजामाच्या हुकुमाबाहेरच्या मुलखांतून. संस्थानांत त्यावर बंदी येई. मग तेंच पत्र दुसरें नांव धारण करून निघे. त्या नांवावर बंदी आली कीं तिसरें. हुकूम निघे तो नांवावर, आणि वाचक ओळखीत ते मजकुरावरून. भूगोलही वाचकांच्या बाजूचा होता. लातुराहून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी थेट इंग्रजी मुलखांत जाई. नांदेडकरांना पैनगंगा ओलांडली कीं उमरखेड. याच उमरखेडास १९४७-४८ मध्यें सैनिकांची छावणी पडली. बंदीचा कागद ज्या वाटांनीं येऊं शके, त्याच वाटांनीं माणसेंही गेलीं.

ही लढाई हिंदूंची मुसलमानांशीं होती असें आमच्या घरांतून अजून सर्रास सांगितलें जातें. तसें सांगणारांनीं शोएबुल्ला खान यांचें नांव एकवार तरी मनांत आणावें. ते तरुण मुसलमान पत्रकार. आधीं ‘तेज’मध्यें लिहीत, नंतर ‘रय्यत’मध्यें, दोन्ही पत्रें सरकारनें बंद पाडलीं. तेव्हां त्यांनीं हैदराबादेंत ‘इमरोज’ हें उर्दू दैनिक स्वतः काढलें, आणि रझाकारांच्या राजधानींत बसून संस्थान हिंदी संघराज्यांत सामील व्हावें असें लिहिलें. पुण्याहून लिहिणें आणि तेथें बसून लिहिणें यांत केवढें अंतर आहे! विरोधकांचे हात तोडण्याची धमकी कासीम रझवीनें जाहीर सभेंत दिली होती. २१ ऑगस्ट १९४८ च्या मध्यरात्रीनंतर कचेरींतून घरीं परततांना शोएबुल्लांना गांठून गोळ्या घातल्या व त्यांचा हात तोडला. पोलीस कारवाई त्यानंतर महिन्याच्या आंतच झाली. ते तेवढे दिवस जगते तर!

या हकीकतीचा शेवट सप्टेंबरांत होत नाहीं. पोलीस कारवाईनंतर संस्थानांत मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी करावयास पंडित नेहरूंनीं पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांचें शिष्टमंडळ धाडलें. काझीसाहेब स्वतः हैदराबादच्या ‘पयाम’ पत्राचे संपादक होते. राज्यांत कमींत कमी २७ ते ४० हजार माणसें मेलीं असा त्यांचा अंदाज. सर्वांत अधिक झळ लागलेले म्हणून त्यांनीं जे चार जिल्हे सांगितले, त्यांत नांदेड आहे, आणि उस्मानाबादही आहे, म्हणजे तेव्हांचें लातूर आलेंच. स्वतंत्र देशाच्या सरकारनें तो अहवाल छापला नाहीं. बंदीच्या पत्रांसाठीं तुरुंगांत गेलेल्यांच्या प्रदेशाविषयींचा हा कागद दडवून ठेवलेला राहिला, आणि त्याबद्दल आपल्यांतील फारच थोड्यांनीं विचारणा केली. दिल्लीच्या नेहरू संग्रहालयांत तो सामान्य वाचकास पाहावयास मिळूं लागला तो २०१३ सालीं. तोंवर नांदेड-लातूरकडील ज्या वडीलधाऱ्यांनीं तें सारें डोळ्यांनीं पाहिलें होतें, त्यांतील बहुतेक निघून गेले होते.