मुदतीचे औषध

औषधाच्या बाटलीवर छापलेली मुदत साधारणतः महिन्यांची किंवा वर्षांची असते, आणि ती टळली की औषध निरुपयोगी झाले असे आपण समजतो. परंतु वैद्यकाच्या एका शाखेत अशी औषधे नित्य वापरली जातात, की ज्यांची मुदत तासांत आणि क्वचित मिनिटांतही मोजावी लागते, जी तयार झाल्या क्षणापासून ओसरू लागतात, आणि ज्यांचे हे ओसरणे हेच त्यांच्या उपयोगाचे मूळ असते. न्यूक्लिअर मेडिसिन या नावाने मोठ्या रुग्णालयांच्या पाट्यांवर ओळखली जाणारी ही शाखा होय. क्ष-किरणांच्या तपासात यंत्रातून निघालेले किरण शरीराच्या आरपार जातात आणि अवयवांची आकृती उमटवतात. येथे किरण निघतात ते रुग्णाच्या देहातूनच, कारण शिरेतून टोचलेल्या अत्यल्प किरणोत्सारी द्रव्याने तेथे मुक्काम केलेला असतो. ते द्रव्य कोठे गेले, किती साचले आणि किती वेगाने निघून गेले, हे टिपले म्हणजे अवयव दिसतो कसा यापेक्षा तो काम कसे करीत आहे याचा दाखला मिळतो. आणि रोग हा बहुतेक वेळा आकृती बिघडवण्याच्या आधी काम बिघडवीत असल्यामुळे, हाडात शिरलेला कर्करोग बोन स्कॅनमध्ये पुष्कळदा साध्या क्ष-किरणचित्राच्या आधी उघडकीस येतो.

या विद्येचा उगम एका फसलेल्या प्रयत्नात आहे. १९११ च्या सुमारास मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज द हेवेशी या तरुण हंगेरियन रसायनज्ञाकडे, शिशाच्या मोठ्या साठ्यातून रेडियम-डी नावाचे द्रव्य वेगळे काढण्याची कामगिरी सोपवण्यात आली. नाना उपाय करूनही ते वेगळे होईना, आणि ते होणे शक्यही नव्हते, कारण रेडियम-डी हे शिशाचेच किरणोत्सारी रूप होते. हेवेशींचे मोठेपण असे, की त्यांनी त्या अपयशालाच कामास लावले. जे द्रव्य शिशापासून कोणत्याही रासायनिक उपायाने विलग होत नाही, ते शिशात मिसळून सोडले तर शिसे जाईल तेथे तेही जाईल आणि आपल्या किरणांनी त्याचा ठावठिकाणा कळवीत राहील, असा विचार करून १९१३ मध्ये त्यांनी व्हिएन्ना येथे फ्रिट्झ पानेट यांच्यासह तसे प्रयोग केले. पुढे १९२३ मध्ये वनस्पतींच्या मुळांतून शिसे वर कसे चढते हे त्यांनी याच रीतीने दाखवले, आणि १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना या मागोवा घेण्याच्या पद्धतीबद्दलच मिळाले.

वनस्पतींवरून ही पद्धत माणसाच्या उपचारापर्यंत आणणारा प्रश्न बोस्टनमध्ये विचारला गेला. १९३६ च्या नोव्हेंबरात एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात व्याख्यानास आले असता, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील थायरॉइडचे तज्ज्ञ सॉल हर्ट्झ यांनी त्यांना आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल काय, असे विचारले. थायरॉइड ग्रंथी रक्तातील आयोडीन हावरेपणाने ओढून घेते हे त्यांना ठाऊक होते. प्रथम हाती आलेल्या किरणोत्सारी आयोडीनची शक्ती २५ मिनिटांत निम्मी होत असे. सशांवर प्रयोग करण्यास ते पुरले, परंतु रुग्णावरील उपचारास पुरणारे नव्हते. १९३८ मध्ये बर्कली येथे जॉन लिव्हिंगूड व ग्लेन सीबोर्ग यांनी आठ दिवसांत निम्मे होणारे आयोडीन-१३१ शोधले, आणि ३१ मार्च १९४१ रोजी हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या अतिरेकी स्रावाने पीडलेल्या पहिल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिले. थोडी मात्रा दिली तर ग्रंथीचे चित्र मिळते आणि मोठी मात्रा दिली तर त्याच ग्रंथीतील पेशी आतल्या आत नष्ट होतात. तपास आणि उपचार एकाच द्रव्याकडून करवून घेण्याची आज सर्वत्र चर्चिली जाणारी कल्पना अशी त्या आयोडीनपासूनच चालत आलेली आहे. थायरॉइडच्या कर्करोगासाठी मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत राहावे लागते व त्याचे मलमूत्र वेगळ्या टाक्यांत साठवले जाते, यामागेही मुदतीचाच हिशेब आहे: आठ दिवसांचा काळ दहा वेळा उलटला म्हणजे मूळ शक्तीचा सुमारे हजारावा भाग उरतो.

चित्रांच्या कामी मात्र आयोडीनपेक्षा टेक्नेशियम श्रेष्ठ ठरले. बर्कलीच्या सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रातील मॉलिब्डेनमची एक झिजलेली पट्टी इटलीत पालेर्मो येथे गेली, आणि १९३७ मध्ये एमिलियो सेग्रे व कार्लो पेरिये यांना तिच्यात हे मूलद्रव्य सापडले. त्याचे वैद्यकात वापरले जाणारे रूप सहा तासांत निम्मे होते, म्हणजे तपासास पुरेसे टिकते आणि रुग्णाच्या अंगात रेंगाळत नाही. परंतु इतके अल्पायुषी द्रव्य दूरच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवावे कसे, हा पेच अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने १९५० च्या दशकाअखेर सोडवला. ६६ तासांत निम्मे होणारे मॉलिब्डेनम-९९ शिशाने वेढलेल्या नळीत भरून धाडायचे, आणि त्यातून सतत उपजणारे टेक्नेशियम रुग्णालयातील तंत्रज्ञाने रोज सकाळी मिठाच्या पाण्याने धुऊन काढायचे, अशी ती तजवीज आहे. दावणीच्या गाईची धार काढावी तशी ही क्रिया असल्यामुळे तंत्रज्ञ त्या उपकरणाला गायच म्हणतात. बर्कलीतच हॅल अँगर यांनी त्या सुमारास तयार केलेला गॅमा कॅमेरा या टेक्नेशियमला जोडीदार मिळाला, आणि हृदय, मूत्रपिंडे, अस्थी यांचे तपास नित्याचे झाले.

पेट स्कॅनची मुदत याहून कडक आहे. त्यात ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लुओरिन-१८ जोडतात. कर्करोगाच्या पुष्कळशा गाठी साखर अधिक खातात, म्हणून त्या चित्रात उजळून दिसतात. परंतु फ्लुओरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मे होत असल्याने ते ज्या सायक्लोट्रॉनमध्ये बनते त्यापासून फार दूर नेता येत नाही. इतर औषधे रुग्णाकडे जातात. येथे रुग्णाने औषधाकडे यावे लागते. दूरच्या तालुक्यातून मुंबईस आलेली, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत बिऱ्हाड थाटून परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालणारी कुटुंबे पाहिली म्हणजे, एका अणूच्या आयुष्याचा हिशेब गरिबाच्या संसारावर किती भार टाकतो हे मनाला फार लागते, आणि अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्याच्या आवाक्यात आणणे हा चैनीचा खर्च नव्हे असे माझे निश्चित मत आहे.

त्या परळमध्येच १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याने रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी १९५६ पासून चालू होती. भट्टी आणि रुग्णशय्या एकाच शहराच्या हद्दीत आणण्याची ती दूरदृष्टी डॉ. होमी भाभांच्या कारकिर्दीतील. आज तुर्भ्याच्याच ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते. मज्जातंतू व अंतःस्राव यांच्याशी संबंधित पेशींपासून उद्भवणाऱ्या काही गाठींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक दाटीने असतात. त्यांना चिकटणाऱ्या रेणूवर आधी गॅलियम-६८ बसवून पेट चित्रात गाठींची जागा निश्चित करतात, आणि मग तशाच रेणूवर ल्युटेशियम बसवून त्या गाठींवर उपचार करतात. त्याचे बीटा किरण ऊतकांत फार तर दोन मिलिमीटर जातात, आणि सोबतच्या गॅमा किरणांमुळे औषध नेमके कोठे पोहोचले याची खातरजमाही होते. पुरस्थ ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगावर याच धर्तीच्या उपचाराने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले.

अशा शास्त्राला आपली भट्टी असणे किती महत्त्वाचे आहे, हे कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी २००९ च्या मे महिन्यात गळतीमुळे बंद पडून वर्षाहून अधिक काळ थांबली तेव्हा जगाला कळले. तिच्यात तयार होणाऱ्या मॉलिब्डेनम-९९ चा पुरवठा तुटला आणि देशोदेशी तपास पुढे ढकलावे लागले, कारण हा माल कोठारात भरून ठेवता येत नाही. संशोधकांपुढे तीच अडचण आता ॲक्टिनियम-२२५ च्या रूपाने उभी आहे. त्याचे अल्फा कण मिलिमीटरच्या दशांशाहूनही कमी अंतरात आपली सारी ऊर्जा खर्च करतात, म्हणून ल्युटेशियमला दाद न देणाऱ्या गाठींवर त्याचे प्रयोग चालू आहेत. परंतु ते दीर्घकाळ युरेनियम-२३३ च्या जुन्या साठ्यातून उपजलेल्या थोरियम-२२९ पासूनच थोडेथोडे मिळत आले असल्याने, रेडियमवर प्रवेगकातील कणांचा मारा करून ते मुबलक कसे बनवावे, यावर आज अनेक देशांच्या प्रयोगशाळा खपत आहेत.