डोंगरातले सोने मोजतात कसे?

उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याच्या वृत्ताने फेब्रुवारी २०२० मध्ये देशभर खळबळ उडाली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २२ फेब्रुवारीला खुलासा केला आणि ३,३५० टनांचे सोने १६० किलोंवर आले!

सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार सोनपहाडीच्या एका भागात ५२,८०६ टन सोनेयुक्त खडक आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजेच १६० किलो. तेवढी तसदी आम्हा वृत्तपत्रवाल्यांपैकी अनेकांनी घेतली नाही, हे मान्य करायला हवे.

मात्र हे दोन आकडे सहजासहजी हाती येत नाहीत. टनात तीन ग्रॅम सोने बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. भूवैज्ञानिक आधी खडकांचा नकाशा तयार करतात, ओढ्यांतील गाळ तपासतात, चर खणतात. आशा वाटली तरच हिरेजडित पात्याच्या यंत्राने खोल छिद्रे घेऊन खडकाचे दंडगोल बाहेर काढले जातात. दंडगोल उभा चिरून अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो. तेथे त्याची भुकटी शिशाच्या ऑक्साइडसह भट्टीत वितळवतात. सोने शिशात उतरते आणि शिसे वेगळे केल्यावर उरलेल्या कणाचे वजन होते.

उरलेला अर्धा भाग फेरतपासणीसाठी जपून ठेवण्याची प्रथा आहे. इंडोनेशियातील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने ती पाळली नाही; सगळा दंडगोल दळला जाई. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने स्वतंत्रपणे छिद्रे घेतली, तेव्हा नगण्य सोने आढळले. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळण्यात आले होते. गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर बुडाले.

फसवणूक नसली तरी अनिश्चितता राहतेच. सोने खडकात सारखे पसरलेले नसते. दोन छिद्रांच्या मधला भाग अंदाजानेच भरावा लागतो. म्हणून अन्वेषणाच्या जी-४ ते जी-१ अशा चढत्या पायऱ्या ठरविल्या आहेत. सोनभद्रचे काम जी-३, म्हणजे प्राथमिक पायरीवरचे होते.

शिवाय जमिनीतले सोने काढणे परवडलेही पाहिजे. कर्नाटकातील कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. उत्पादनखर्च सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागला आणि २००१ मध्ये ती बंद करण्यात आली, तेव्हा तिच्यातले सोने संपलेले नव्हते.