स्टेपनीचा भार दारावर नको, चॅसिसवर हवा

महिंद्रा थार, मारुती जिम्नी यांसारख्या खडतर वाटांवर चालणाऱ्या वाहनांची स्टेपनी मागील दारावर असते. वाहनाला मूळ मापापेक्षा मोठी चाके लावल्यास स्टेपनीही जड होते आणि तिचा भार दाराच्या बिजागऱ्यांवर पडतो. खड्ड्यांतील हिसक्यांमुळे हा ताण अनेक पटींनी वाढतो. परिणामी दार झुकते, खडखडते आणि कालांतराने पत्र्याला तडे जाण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणून स्वतंत्र स्टेपनी कॅरियर बसवण्यात येतो. चॅसिसला बोल्टने जोडलेल्या मजबूत बंपरच्या एका टोकाला बेअरिंगवर फिरणारा पोलादी दांडा व दुसऱ्या टोकाला तो अडकवणारा खटका असतो. त्यामुळे भार थेट चॅसिसवर जातो. मात्र दार उघडण्यापूर्वी दांडा बाजूला सारावा लागतो.

बोल्ट टॉर्क पान्याने आवळून काही अंतर धावल्यानंतर पुन्हा तपासणे आवश्यक असते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी. मागील दिवे व क्रमांकपट्टी झाकली जाता कामा नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणा करणे हिताचे ठरते. सैल बसवलेले चाक भर रस्त्यात निसटल्यास मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.