गोचिडाचे औषध आणि हुदहुदाचा घास

हिंगोलीकडे लाल कंधारी गाई चरून गेल्या की शेणाच्या पोतल्या अळ्या टिपायला मैना, हुदहुद येतात. गोचीड आणि जंत यांवर गाईंना आयव्हरमेक्टिनची सुई देतात. मात्रा वजनाच्या दर किलोस ०.२ मिलिग्रॅम. औषध गुणकारीच. ते शोधणाऱ्या ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले, ते रास्तच! पण त्याचा बराचसा अंश शेणावाटे बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या, माश्यांच्या अळ्या मारतो. अळ्याच नसल्या, तर पक्ष्याने पिलांना भरवायचे काय? म्हणून सरसकट कळपाला नव्हे, गरजेच्या जनावरालाच सुई द्यावी.

सुई दिलेल्या आणि न दिलेल्या गाईचा एकेक पो आठवड्याने काडीने उकलून विद्यार्थ्यांकडून अळ्या मोजून घ्या. नंतर हात साबणाने धुवायला लावा.