वैमानिकाविना विमान : उत्तरदायी कोण?

फुलंब्रीच्या शेतकऱ्याला माणसाविना उडणारे यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही. पिकावर औषध फवारणारे ड्रोन मराठवाड्यात येऊन पोहोचले आहे. मात्र ते चालविणारा मनुष्य बांधावर उभा असतो. चूक झालीच तर जाब कोणाला विचारावा हे शेतकऱ्यास ठाऊक असते. उद्या चिकलठाण्याहून दीडशे-दोनशे प्रवाशांचे विमान वैमानिकाविना उडू लागले तर हा जाब कोणाला विचारावयाचा? हा प्रश्न केवळ कल्पनारंजनाचा नाही. कॅमेऱ्याच्या साहाय्याने धावपट्टी ओळखून आपोआप उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानाची चाचणी एअरबस कंपनीने २०१९ सालीच फ्रान्समधील तुलूझ येथे यशस्वी केली. वैमानिक आत होते, पण केवळ देखरेखीपुरते.

अपघात बहुतांशी माणसाच्या चुकीने होतात, सबब माणूसच दूर करावा, असा या कल्पनेच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद आहे. आपल्या जिल्ह्याला तो सहज पटावा. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीपलीकडील बीड रस्त्यावर, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि पुढे विजेच्या उच्चदाबाच्या तारांवर आदळून कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास विलंब केला आणि त्यांची पद्धतही चुकली, असे चौकशीत निष्पन्न झाले.

परंतु चौकशीचा निष्कर्ष तेथेच संपत नाही, आणि नेमका पुढचा भाग आपण विसरतो. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियंत्रण करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणास आलेले अपयश, हेही अपघाताचे कारण ठरविण्यात आले. रेल्वेच्या फाटकावर जी साधी दक्षता घेतली जाते, तिचाच हा प्रश्न होता! यंत्राने नाक वेळेवर उचलले असते, हे घटकाभर मान्य करू. रस्ता मोकळा ठेवण्याचे काम मात्र माणसांकडेच राहिले असते. कापसाचा ट्रक किती उंच भरतात, हे फुलंब्रीहून जाणाऱ्या जळगाव रस्त्यावर हंगामात कोणीही पाहावे.

शिवाय यंत्र घडवितो तोही माणूसच. २०१८ साली इंडोनेशियात व २०१९ साली इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ जण दगावले. एकाच संवेदकाच्या चुकीच्या संदेशावर विसंबून स्वयंचलित यंत्रणा विमानाचे नाक वारंवार खाली दाबीत होती आणि वैमानिक तिच्याशी झगडत होते. येथे मूळ चूक आरेखन करणाऱ्यांची होती. आणि ते विमानात नव्हते.

वैमानिकाचा जीव प्रवाशांच्या जिवाबरोबर बांधलेला असतो, ही कोणत्याही नियमावलीत न बसणारी हमी आहे. प्रवासात काही काळ एकाच वैमानिकावर भागविण्याच्या प्रस्तावाचाही युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने अभ्यास करविला. आजच्या विमानांत तेवढीच सुरक्षितता राहील असे दाखविता येत नाही, असा त्याचा २०२५ मधील निष्कर्ष आहे. जेथे दोहोंचा एक करणे जमत नाही, तेथे एकाचा शून्य करण्याची घाई कशासाठी? वेतनखर्चात होणारी बचत तिकिटाच्या दरात उतरेल, यावर तर प्रवाशाने विश्वास ठेवूच नये.

आज विमानाचा कप्तान कायद्याने उत्तरदायी असतो. त्याची खुर्ची रिकामी करण्यापूर्वी ते उत्तरदायित्व विमान बनविणाऱ्याकडे, विमान कंपनीकडे की जमिनीवरून देखरेख करणाऱ्याकडे जाणार, हे आपल्या संसदेने कायद्यात स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि तेही पहिले तिकीट विकले जाण्याआधी.